रापण की गळ? औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नवं काय चाललंय

खाडीपल्याड (धागाकर्ता)

मंडळी, दोन महिने इकडे फिरकलो नाही. आई आजारी होती. आता घरी आहे. काल मी नारळ खवत होतो तर आतल्या खोलीतून ओरडली, "करवंटीपर्यंत खवू नकोस, काळं येतंय." म्हणजे बरी आहे असं धरून चालतो.

झालं ते असं. ऑक्टोबरात सुकतीला आई कालवं काढायला खाडीत उतरली. वय ६६, मधुमेह बारा वर्षांचा. तळपायाला कालवाची शिंप लागली. जखम बोटाच्या पेराएवढी. हळद दाबून घरी आली आणि चार दिवस कुणाला काही बोलली नाही. पाय सुजला तेव्हा नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्या मीच. शाळेत विज्ञान शिकवतो मी. शिव्या घालायच्या असतील तर इथेच घालून घ्या, मग पुढे वाचा. तीन दिवसांत सूज उतरली, गोळ्या बंद केल्या. आठवड्याने पुन्हा सूज, पुन्हा गोळ्या, या खेपेला दुसऱ्या. मग थंडी वाजून ताप. मग शहरातलं एक इस्पितळ. तिथे पहिले पाच दिवस कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) न करताच एकाहून एक भारी इंजेक्शनं. मग दुसरं इस्पितळ.

दुसऱ्या ठिकाणी जखम साफ करून आतला तुकडा तपासायला पाठवला. तो रिपोर्ट अजून माझ्या पाकिटात आहे, घड्यांवर फाटायला आलाय. वर जंतूचं नाव: क्लेबसिएला न्यूमोनिए. खाली अठरा औषधं आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. मी बोट ठेवून मोजलं. सोळा आर. कोलिस्टिनपुढे आय, म्हणजे मधलंच. टायगेसायक्लिनपुढे एस. बस.

डॉक्टरबाई म्हणाल्या, जंतूकडे एनडीएम नावाचं एन्झाइम आहे. पेनिसिलिनच्या खानदानातल्या औषधांमध्ये चार अणूंची एक कडी असते, तिच्यावरच औषधाचं सगळं काम चालतं. हे एन्झाइम ती कडीच तोडतं. पण अॅझट्रिओनम नावाचं एक जुनं औषध आहे, त्याची कडी एनडीएमला तोडता येत नाही. मग ते एकटंच का देत नाहीत? तर या जंतूकडे एनडीएमच्या जोडीला दुसरी एन्झाइमं असतात आणि ती अॅझट्रिओनमचा फडशा पाडतात. म्हणून अविबॅक्टम नावाचा राखणदार सोबत धाडायचा. तो त्या दुसऱ्यांना अडकवून ठेवतो, तोवर अॅझट्रिओनम आपलं काम उरकतं. आमच्याकडे सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अॅझट्रिओनम अशी जोडी लावली. पाचव्या दिवशी ताप उतरला. पायाचं एक बोट गेलं, पाय राहिला.

त्या चौदा रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मोबाइलवर वाचत काढल्या. जंतू मारणारे विषाणू, मातीतून शोधलेली औषधं, संगणकाने शोधलेली औषधं, बरंच काही सापडलं. आता त्यातलं खरं किती आणि पेपरवाल्यांची फोडणी किती, हे इथल्या जाणकारांनी सांगावं. कोकणात कुणी यातलं काही हाताळलं असेल तर आवर्जून लिहा.

रोठा_सुपारी

काकूंना लवकर आराम पडो. रुमाल टाकून ठेवतो.

डॉ_ओहळ

सूक्ष्मजीवशास्त्र हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून लिहितो. धागाकर्त्याने जोडीचं वर्णन चांगलं केलंय. हीच कल्पना पुढे एकाच बाटलीत आली. अॅझट्रिओनम-अविबॅक्टमला युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडचे डॉक्टर त्याच्या कितीतरी आधीपासून दोन बाटल्या एकत्र वापरत आलेत, कारण हा जंतू आपल्याकडे जास्त भेटतो.

एनडीएममधलं 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. २००८ मध्ये स्वीडनमधला, मूळ भारतीय वंशाचा एक रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन परत गेला, त्याच्या नमुन्यात हे सापडलं. २०१० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात मोठा लेख आला तेव्हा नावावरून आपल्याकडे काय गदारोळ झाला होता! आम्ही विभागात नावावर भांडत होतो आणि जंतू वॉर्डावॉर्डातून निवांत फिरत होता.

कोलिस्टिनपुढे आय पाहून घाबरलात का? अमेरिकी मापदंडाप्रमाणे २०२० पासून कोलिस्टिनला एस देतच नाहीत. ते औषध मूत्रपिंडाला त्रास देतं आणि त्याचा भरवसाही कमी, म्हणून.

आणखी एक, कोकणातल्या सगळ्यांसाठी. जखम खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात झाली असेल तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांमध्ये त्यातला एखादा तासातासाने पसरतो आणि त्याची औषधं निवडताना डॉक्टर वेगळा विचार करतात. "पाय कापला" आणि "कालवाने पाय कापला" यांत फार फरक आहे.

सडा_आणि_कातळ

जंतू मारणारे विषाणू? म्हणजे उंदरासाठी मांजर, मांजरासाठी कुत्रा, कुत्र्यासाठी बिबट्या. बिबट्या आमच्याकडे आधीच आहे, आणखी नको.

खाडीपल्याड

@सडा_आणि_कातळ, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हे मांजर उंदराशिवाय कशाला तोंडच लावत नाही. या विषाणूंना बॅक्टेरिओफाज म्हणतात, नुसतं फाज म्हटलं तरी चालतं. आपल्या पेशींशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. त्यातले काही दिसायला अगदी कोळ्यासारखे: वर टोकदार डोकं, खाली नळी, नळीला पाय. जंतूच्या अंगावर ठरावीक जागा सापडली की पाय टेकवतात आणि नळीतून आपली जनुकं आत सोडतात. मग जंतूचा कारखाना आपली कामं टाकून फाजच तयार करायला लागतो. अर्ध्या-एक तासात जंतू फुटतो आणि आतून पिल्लांचा लोंढा बाहेर. जंतू संपले की फाजची उपासमार.

हे नवीन आहे का? मुळीच नाही. १८९६ मध्ये हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आग्र्यात लिहून ठेवलंय की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की हा गुण जातो. ते फाजच होते का यावर अभ्यासक अजून भांडतात. १९१७ मध्ये देरेल या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये फाजला नाव दिलं, पुढे तो पटकीवर प्रयोग करायला भारतातही आला होता. जॉर्जियात तिबिलिसीला १९२३ पासून फाजची संस्था आहे आणि तिथे ही औषधं आजही दिली जातात. बाकी जगाला पेनिसिलिन मिळालं आणि फाज माळ्यावर गेले.

माळ्यावरून खाली आले ते अलीकडे. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक इजिप्तच्या सहलीत लागलेल्या अॅसिनेटोबॅक्टर नावाच्या जंतूने बेशुद्धावस्थेत होते. त्यांच्या बायकोने, स्टेफनी स्ट्रॅथडी यांनी, दिसेल त्या फाजवाल्याला ईमेल केल्या. फाज शिरेतून दिले आणि माणूस उठून बसला. २०१९ मध्ये लंडनच्या इस्पितळात उपचार घेतलेल्या एका मुलीची केस छापून आली. तिला दिलेल्या तीन फाजपैकी एक दक्षिण आफ्रिकेत कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला सापडला होता. त्याचं नाव 'मडी', म्हणजे चिखल्या. आमच्या परसातल्या खड्ड्यात अशी वांगी दर आठवड्याला जातात, मी आता त्यांच्याकडे आदराने बघतो.

वाशीचा_चाकरमानी

माफ करा, पण दर दोन-तीन वर्षांनी असं काहीतरी वाचतो आणि दुकानात तीच जुनी लाल-पिवळी कॅप्सूल. एक-दोन माणसं वाचल्याच्या कथा म्हणजे पुरावा नाही. न वाचलेल्यांवर लेख कोण लिहितो?

डॉ_ओहळ

@वाशीचा_चाकरमानी, बरोबर पकडलंत. फाजवर मोठ्या चाचण्या झाल्यात त्या थोड्या, आणि त्यांतल्या काही सपशेल पडल्यात. भारतात माणसांसाठी मंजूर फाज-औषध नाही. बेल्जियमने २०१८ च्या सुमारास वेगळी वाट काढली: डॉक्टरने एका रुग्णासाठी चिठ्ठी लिहायची आणि औषधविक्रेत्याने त्या एकासाठी फाज तयार करून द्यायचा, काढ्याच्या पुडीसारखा. कारण अडचण मुळातच आहे. एका क्लेबसिएलावर चालणारा फाज शेजारच्या खाटेवरच्या क्लेबसिएलाकडे ढुंकूनही बघणार नाही, असं होऊ शकतं. मग हजार माणसांना एकच गोळी देऊन चाचणी करायची कशी?

कोळंबीवाला

राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. फाज मी स्वतः वापरलाय. माणसावर नाही, कोळंबीवर.

मी आधी एका हॅचरीत (कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथे) कामाला होतो, आता खाडीकाठी स्वतःचे तीन तलाव आहेत. हॅचरीत सगळ्यात भीती चमकणाऱ्या व्हिब्रिओची. रात्री दोनला दिवे मालवून टाकीत वाकून बघायचं. पाणी काळं दिसलं तर झोपायला जायचं. निळसर उजेड दिसला, ढवळल्यावर तो हातामागून फिरायला लागला, तर समजायचं की सकाळपर्यंत पिल्लं तळाला बसणार. दिसायला सुंदर असतं, हे कबूल करतो. मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं.

पूर्वी अशा वेळी सरळ अँटिबायोटिक ओतायचे. आता क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान वगैरेंवर बंदी आहे आणि युरोपात माल गेला की तपासणीत कणभर अंश सापडला तरी कंटेनर परत. शिवाय ओतून ओतून जंतूच निर्ढावले होते. मग आमच्या साहेबांनी मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातलं करुणासागर दांपत्याचं काम वाचलं. त्यांनी व्हिब्रिओ हार्वेईवरचे फाज शोधून हॅचरीच्या टाक्यांत सोडले होते आणि पिल्लं जास्त जगली होती. २००७ मध्ये त्यांचा लेख आला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, खाली चार पावलांवर हे होऊन गेलंय.

आमचा अनुभव अर्धा गोड. पहिल्या वर्षी बाजारातून आणलेली बाटली ओतली, काहीही झालं नाही. पैसे पाण्यात, शब्दशः. दुसऱ्या वर्षी आमच्याच टाकीतलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं, आमच्याच जंतूवर चालणारा फाज त्यांनी निवडून दिला, तेव्हा तीन रात्रीत उजेड गेला. पुढच्या हंगामात तोच फाज ओतला तर पुन्हा शून्य, कारण जंतू बदलला होता. तेव्हा धागाकर्ते, हे औषध एकदा आणून फडताळात ठेवायचं नाही. दर खेपेला आधी दुश्मन ओळखायचा.

गजालीकार

माका आता समाजला. आतापावत डॉक्टर रापण ओढी होते. बांगडो होयो म्हणान रापण टाकूची आणि बांगड्यावांगडा झिंगे, कुर्ल्यो, बारकी पिल्ला, सगळा ओढून किनाऱ्यार. पोटातले बरे जंतू पण मेले. आता म्हणतत गळ टाका. पण गळाक खयचा आमिष लावूचा ता आधी कळाक होया, न्हायतर दिसभर बसान ऱ्हवा.

धागाकर्त्यानु, शीर्षक बदला. 'प्रतिजैविक प्रतिरोधावरील आधुनिक उपाय' वाचून अर्धी माणसा पळान गेली आसतली.

खाडीपल्याड

बदललं. (आधीचं शीर्षक सरकारी परिपत्रकासारखं होतं खरं.)

पेट्रीबशी

गजालीकारांना साष्टांग. मी तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. 'आमिष' आम्हीच ठरवतो, म्हणून आमचं काम कसं चालतं ते सांगते.

पुवाचा नमुना आला की आधी बशीत वाढवायचा. ३७ अंशांना एक रात्र. दुसऱ्या दिवशी वाढलेल्या ठिपक्यांतून एकच जात उचलायची, ओळखायची, मग नव्या बशीवर कापसाच्या बोळ्याने सारवायची, अंगण सारवतात तशी, कुठे पट्टा सुटता कामा नये. वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, टिकलीएवढ्या. पुन्हा एक रात्र. सकाळी बघायचं: चकतीभोवती स्वच्छ गोल पडला असेल तर पट्टीने मिलिमीटर मोजायचे. जंतू थेट चकतीला येऊन भिडला असेल तर आर. एनडीएमवाली बशी बघाल तर सगळीकडे साय धरल्यासारखं, कुठे गोलच नाही. अशा वेळी मी उगाच पुन्हा एकदा नाव तपासते.

फाजची चाचणी आम्ही करत नाही, पण प्रशिक्षणात पाहिली आहे. अशाच सारवलेल्या बशीवर फाजचा थेंब सोडायचा. चालला तर दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी खिडकी उघडल्यासारखा पारदर्शक डाग. म्हणजे तंत्र आमच्यापासून फार लांब नाही. फाजचा साठा हवा, आणि तो सांभाळणारं कुणीतरी हवं.

खरी अडचण वेगळीच. नमुना आमच्याकडे येतो तो चार दिवस औषध घेऊन झाल्यावर. वाडीवरून येतो तो एसटीतून, कंडक्टरच्या पायाशी, थर्मोकोलच्या खोक्यात, आणि कधीकधी खोकं डेपोत दुपारभर उन्हात. बोळा वाळलेला असतो. मग बशीत काही उगवत नाही आणि रिपोर्टवर 'वाढ नाही'. ते वाचून नातेवाईक खूश!

औषधवाला

पेट्रीबशीताईंचं बरोबर, पण धाग्यात दोन ठिकाणी मेडिकलवाल्यावर गाडी घसरली म्हणून लिहितो. माझं दुकान बाजारपेठेत आहे. २०१४ पासून एच-वन यादीतली (चिठ्ठीशिवाय न द्यायची) औषधं वहीत नोंद करूनच देतो. पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती बहुतेकांना डिझाइन वाटते. २०१६ मध्ये त्या रेघेची जाहिरात झाली होती, आठवत असेल कुणाला तर. मी चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. "दोनच गोळ्या द्या, बघू उतरतो का." दोन गोळ्या! काय करायचं ते सांगा.

खाडीपल्याड

@औषधवाला, तुमच्याकडून परत फिरून समोरच्या दुकानात जाणारा मीच होतो असं समजा. उत्तर नाही माझ्याकडे.

हिमवर्षाव

कॅनडातून. मूळ गाव देवगडजवळ, काम औषधं शोधण्याच्या प्रयोगशाळेत. गळाची चर्चा छान चाललीय, मी नव्या जाळ्यांबद्दल लिहितो.

जुनी अँटिबायोटिकं बरीचशी मातीतल्या जंतूंकडूनच आपण उसनी घेतली. सेफॅलोस्पोरिनचं घराणं तर १९४५ मध्ये सार्डिनियात ब्रोत्झू यांना सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या बुरशीत सापडलं. पण मातीतले ९९ टक्के जंतू बशीत वाढतच नाहीत, म्हणून खाण आटल्यासारखं झालं. २०१५ मध्ये बोस्टनच्या मंडळींनी युक्ती काढली: बारीक भोकांची पट्टी, प्रत्येक भोकात एखादाच जंतू, दोन्ही बाजूंनी पापुद्रा, आणि पट्टी परत मातीतच पुरायची. घरचं अन्न मिळालं की जंतू वाढतो. त्यातून टेक्सोबॅक्टिन मिळालं. इथे हॅमिल्टनमध्ये घराच्या परसातल्या मातीतले जंतू वर्षभर सावकाश वाढू दिले, त्यातून लॅरिओसिडिन निघालं, २०२५ मध्ये जाहीर झालं. लांजा-राजापूरच्या सड्यावर पावसाळ्यात जी चिमूटभर माती साठते, तिच्यात कुणी अशी पट्टी पुरली आहे का, हे मला फार दिवस विचारायचं होतं.

संगणकाचं म्हणाल तर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जिम कॉलिन्स यांच्या गटाने यंत्राला हजारो रेणू दाखवून कोणता जंतू मारेल ते ओळखायला शिकवलं. यंत्राने एक असा रेणू काढून दिला जो आधी मधुमेहासाठी तपासून बाजूला टाकला होता. त्याचं नाव हॅलिसिन. उंदरांवर चालला. माणसांपर्यंत पोचलेला नाही, हे पेपरात शेवटच्या ओळीत असतं. त्यापेक्षा मला झोसुराबाल्पिन जास्त भावतं. जंतूच्या बाहेरच्या कवचाचा माल आतून बाहेर नेणारा एक पूल असतो, हे औषध तो पूलच जाम करतं. माल आत साठत जातो आणि जंतू त्यातच मरतो. जानेवारी २०२४ मध्ये नेचर या नियतकालिकात आलं, माणसांवरच्या चाचण्या झाल्यात आणि पुढच्या चालू आहेत. चालतं फक्त अॅसिनेटोबॅक्टरवर. म्हणजे पुन्हा गळच!

@वाशीचा_चाकरमानी, दुकानात का येत नाही याचं कारण पैसा. नवं अँटिबायोटिक निघालं की डॉक्टर म्हणणार, जपून ठेवा, शेवटी वापरू. वैद्यकीयदृष्ट्या योग्यच. पण मग विकायचं काय? अमेरिकेत अकाओजेन कंपनीचं औषध २०१८ मध्ये मंजूर झालं आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. ब्रिटनने म्हणून २०२२ मध्ये दोन औषधांसाठी वर्षाची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, कितीही कमी वापरलं तरी. अग्निशमन दलाला आपण आगीच्या संख्येवर पगार देत नाही, तसं.

मराठवाडी_पाहुणा

कोकणाच्या धाग्यात घुसतोय, पण राहवत नाही. आमच्या संभाजीनगरात वोकहार्टचं संशोधन केंद्र आहे. नॅफिथ्रोमायसिन हे त्यांचं औषध, नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झालं. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस. आणि एन्मेटाझोबॅक्टम चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेलं, त्याची जोडी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. सगळं बोस्टनलाच होतं असं नाही.

डॉ_ओहळ

अभिमान आहेच. फक्त वाचकांनी गल्लत करू नये: नॅफिथ्रोमायसिन घराबाहेर लागणाऱ्या न्यूमोनियाचं औषध आहे, धागाकर्त्याच्या आईच्या क्लेबसिएलावर त्याचा उपयोग नाही. एन्मेटाझोबॅक्टमही एनडीएमपुढे हात टेकतं.

आंबोळी

आमची आजी तांब्याच्या हंड्यातलं पाणी जखमेवर घालायची, कधी पिकली नाही. तांबं जंतू मारतं हे आता परदेशातही मानतात ना?

डॉ_ओहळ

मानतात. कोरड्या तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू काही तासांत मरतात आणि अमेरिकेत २००८ मध्ये त्याची अधिकृत नोंदही झाली. दाराच्या मुठी, खाटांचे कठडे यांसाठी चांगलं. पाय पिकल्यावर हंडा नको, रिक्षा बोलवा.

वाशीचा_चाकरमानी

हिमवर्षाव यांचा प्रतिसाद पटला. एक आठवलं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवी लस फुकट दिली होती, माझ्या दोघांना मिळाली. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का?

डॉ_ओहळ

थेट. आपल्याकडच्या टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिन केव्हाच निकामी झालंय आणि पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. मूल आजारीच पडलं नाही तर औषध लागत नाही, औषध लागलं नाही तर जंतूला तालीम मिळत नाही. या यादीत लशीचं नाव कुणी घेत नाही, कारण त्यात थरार नाही.

थरार हवा असेल तर हे घ्या. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लोकांना कनेक्टिकटमधल्या एका तळ्यात एक फाज सापडला. स्यूडोमोनास जंतू औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकतो. हा फाज नेमका त्या पंपालाच धरून आत शिरतो. आता जंतूने काय करावं? पंप ठेवला तर फाज मारणार. पंप टाकला तर फाज सुटला, पण जुनंच औषध मारणार. २०१६ मध्ये महाधमनीच्या कृत्रिम नळीत संसर्ग झालेल्या एका रुग्णावर हे वापरलं आणि गुण आला.

रोठा_सुपारी

अडकित्ता! दोन्ही पात्यांत सापडलेली सुपारी. रुमाल टाकला होता त्याचं सार्थक झालं.

पेट्रीबशी

माझ्याकडून एक. २०२४ मध्ये ब्रिटनचं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड बक्षीस कशाला मिळालं माहितीये? औषधाला नाही, चाचणीला. लघवीचा थेंब बारीक नळ्यांच्या पट्टीत घालायचा. पंधरा मिनिटांत जंतू आहे की नाही ते कळतं आणि पाऊण तासाच्या आत कोणतं औषध चालेल तेही. मी दोन रात्री घेते. पाऊण तास म्हणजे पेशंट दवाखान्याच्या बाकावर बसलेला असतानाच. एसटी नको, थर्मोकोल नको. असं यंत्र आमच्या ग्रामीण रुग्णालयात आलं तर माझी अर्धी नोकरी जाईल आणि मी पेढे वाटेन.

गजालीकार

आमच्याकडे पण वाटा. उरलेल्या अर्ध्या नोकरीत आमचे मासे तपासा.

कोळंबीवाला

@पेट्रीबशी, तसलं यंत्र तलावाच्या पाण्याला चालेल का हे कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. गंमत नाही करत. माझा फेब्रुवारीचा हंगाम आहे.

सडा_आणि_कातळ

बिबट्याचं विधान मागे घेतो. धागाकर्ते, आता घरी काय काळजी घेताय? आमचीही आई याच वयाची आहे आणि तीही ऐकत नाही.

खाडीपल्याड

उशीर झाला उत्तराला, आज ड्रेसिंगचा दिवस होता. सिस्टर येतात तेव्हा मी दिव्याखाली पाय धरून बसतो. जखम आता आत लालभडक आहे, कडा कोरड्या. दर शनिवारी तळपायाला आरसा लावून बघायचं असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय, कारण मधुमेहात तिला लागलेलं कळत नाही. आरसा माझ्या दाढीचाच वापरतो. पुन्हा ताप आला तर गोळी घ्यायच्या आधी रक्त आणि पू तपासायला, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलंय. सोळा आरवाल्या रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढल्यात. कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी तो दाखवायचा, कारण हा जंतू आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम करू शकतो म्हणे.

आणि गमबूट आणलेत, चिपळूणहून, पाच नंबर. आई म्हणते चिखलात रुततात. शेजारच्या वहिनींना देऊन टाकायला निघाली होती. आत्ता ओटीवर ठेवलेत, डाव्यात मांजर झोपलंय.